मेश्रामसाहेब गोड बोलू लागले

राजाराम मेश्राम यांना चहा आवडला, असं त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. पाणचट झालाय, गोड झालाय, आलं कमी पडलं, कप नीट धुतलेला नाही, यांतलं काहीतरी ते म्हणायचे आणि चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायचे. दिल्लीतल्या एका मंत्रालयात त्यांची सगळी नोकरी दुसऱ्यांच्या टिपणांत चुका शोधण्यात गेली होती. खालून आलेली फाईल एकही चूक न काढता वर पाठवायची म्हणजे फुकटचा पगार खायचा, असं त्यांचं मत होतं. निवृत्त होऊन ते दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या एका सोसायटीत राहायला आले, तेव्हा फायली संपल्या पण खोड गेली नाही. मग भाजीवाल्याचा काटा, लिफ्टमधली नोटीस, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईची साडी, सगळ्यांची तपासणी सुरू झाली.

त्यांच्या पत्नी शैलाताई भंडाऱ्याहून लग्न होऊन दिल्लीत आलेल्या. शाळेत भूगोल शिकवून त्याही निवृत्त झाल्या होत्या. नवऱ्याच्या कुरकुरीकडे त्या पंख्याच्या आवाजाइतकंच लक्ष द्यायच्या. सुरुवातीला रडल्या, मग भांडल्या, मग त्यांनी ठरवलं की हा माणूस असाच आहे आणि भाजीत मीठ आपल्या मनाने घालायचं.

संध्याकाळी मात्र घरात दुसरेच मेश्रामसाहेब अवतरायचे. दुसरा पेग पोटात गेला की चेहरा निवळायचा, डोळे ओले व्हायचे आणि शैलाताईंचं कौतुक सुरू व्हायचं. शैला, तुझ्यासारखी बाई दिल्लीत नाही. शैला, तू होतीस म्हणून हे घर उभं राहिलं. सकाळी यातलं एक अक्षर त्यांना आठवत नसे आणि पोहे कोरडे झालेले असत. शैलाताई मुलीला म्हणायच्या, कौतुक करणारी ती बाटली असते, तुझे बाबा नुसते समोर बसलेले असतात. हे त्या हसून सांगायच्या. पण कधीतरी हा माणूस न पिता एखादं बरं वाक्य बोलेल, ही आशा त्यांनी काही सोडली नव्हती. बायका दागिन्याचा हट्ट धरतात, यांचा हट्ट एवढाच होता.

निवृत्तीनंतर मेश्रामसाहेबांची संध्याकाळ हळूहळू दुपारी चारला व्हायला लागली. मग पाय सुजले, डोळे पिवळे झाले, पोट पुढे आलं. डॉक्टर निधी नावाच्या तरुण बाई होत्या, त्यांनी तपासण्या करून लिव्हर सुकत चालल्याचं सांगितलं. यापुढे एक थेंबसुद्धा चालणार नाही. साहेबांनी आधी रिपोर्टमधल्या इंग्रजीला नावं ठेवली आणि मग मान खाली घातली. दारू सोडायची म्हणून त्यांना इस्पितळात ठेवावं लागलं. ते दिवस हसण्यासारखे नव्हते, त्यामुळे ते आपण सोडून देऊ.

घरी आल्यावर त्यांनी सेक्टरातल्या बुद्धविहारात जाऊन तिथले भिक्खू असलेल्या भन्तेजींसमोर नव्याने पंचशील घेतलं. तसं ते लहानपणापासून म्हणतच होते, पण मादक पदार्थ न घेण्याचं पाचवं शील आलं की त्यांना नेमका खोकला यायचा. या वेळी खोकला आला नाही. शैलाताईंनी शेजारी हात जोडले होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

घरोघरीच्या सल्लागारांनी मात्र इथून पुढे घोटाळा केला. डॉक्टर निधींनी एक घट्ट, गोड सिरप दिलं होतं आणि रोज दोन-तीनदा पोट साफ झालंच पाहिजे असं बजावलं होतं. नागपूरच्या नणंदबाई फोनवर म्हणाल्या, आधीच माणूस अशक्त, त्यात जुलाबाचं औषध कशाला? आणि डाळ, अंडी, दही बंद कर, लिव्हरवाल्याला जड पडतं. शैलाताईंना ते पटलं. सिरप कपाटात गेलं आणि ताटात भाताची पेज आली.

आणि आठवड्याभरात मेश्रामसाहेब गोड बोलू लागले.

पहिल्या दिवशी चहा पिऊन ते म्हणाले, "छान झालाय." शैलाताईंच्या हातून गाळणी पडली. दुसऱ्या दिवशी पेजही छान होती. भाजीवाल्याने सांगितला तो भाव त्यांनी दिला आणि वर त्याच्या मुलांची चौकशी केली. दिवसा ते खुर्चीत डोळे मिटून तासन्‌तास बसत आणि रात्री जागत. शैलाताईंना वाटलं, ध्यान लागतंय. एकदा त्यांनी चष्मा फ्रीजमध्ये ठेवला आणि चपला उशाशी घेतल्या. शैलाताईंना वाटलं, वस्तूंवरचा मोह सुटत चाललाय. माणसाला जे बघायचं असतं तेच दिसतं, त्याला भूगोलाच्या बाई तरी काय करणार?

त्यांना हवं ते अखेर मिळालं होतं. घरात बाटली नव्हती, समोर नवरा होता, आणि तो त्यांचा हात हातात घेऊन म्हणत होता, शैला, तू किती चांगली आहेस. गुरुग्रामला नोकरी करणाऱ्या मैत्रीला, म्हणजे मुलीला, त्यांनी फोन करून सांगितलं. मैत्री म्हणाली, "आई, अच्छा आहे ना यार, एन्जॉय कर." शैलाताईंनी तेच केलं. आरशासमोर उभं राहून त्यांनी बऱ्याच वर्षांनी केसांत गजरा माळून पाहिला.

सगळ्यात आधी शंका आली ती खुरानांना. खुराना तळमजल्यावर राहायचे आणि मेश्रामसाहेबांचे सोसायटीतले अधिकृत शत्रू होते. भांडण पार्किंगचं. खुरानांच्या गाडीचं चाक पांढऱ्या रेषेवर यायचं आणि साहेब रोज सकाळी खाली जाऊन ते दाखवून द्यायचे. त्या दिवशी खुरानांनी चाक चांगलं हातभर आत घातलं आणि वाट पाहत उभे राहिले. साहेब आले, गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, पूरी जगह ले लीजिए, हमें क्या करना है. खुराना तसेच जिना चढून वर आले. शैलाताईंना म्हणाले, "भाभीजी, मेश्राम जी की तबीयत ठीक नहीं है. आज वो मुझसे लड़े नहीं."

शैलाताईंना राग आला. लोकांना आपलं सुख बघवत नाही, असं त्यांच्या मनात आलं. त्या म्हणाल्या, धम्म म्हणतात तो हाच, आणि तुम्हीही थोडं शिका. खुराना खाली गेले, पण जाताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं.

बातमी विहारापर्यंत पोचलीच होती. तिथले सचिव संघपाल गजभिये उत्साही गृहस्थ. कुणाचा सत्कार झाला नाही तर त्यांचा महिना वाया जायचा. व्यसनातून धम्माकडे आलेला माणूस म्हणून पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या समारोपाला मेश्रामसाहेबांना शाल द्यायची, असं त्यांनी जाहीर केलं. शैलाताईंनी निळ्या काठाची पांढरी साडी काढली.

समारंभात साहेबांना व्यासपीठावर बसवलं. ते बसल्या बसल्या दोनदा पेंगले आणि लोकांनी ते नम्रता म्हणून घेतलं. शाल अंगावर पडल्यावर ते उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात वर केला. हात एका जागी राहीना. मनगटातून पंजा खाली पडायचा, पुन्हा वर यायचा, पुन्हा पडायचा. लोकांना वाटलं, साहेब टाळ्या थांबवा म्हणताहेत, म्हणून त्यांनी टाळ्या थांबवल्या. हात पुन्हा वर गेला, तेव्हा त्यांना वाटलं, वाजवा म्हणताहेत. असं बराच वेळ चाललं. शेवटी साहेब माइकवर म्हणाले, "सगळं छान आहे. सगळे छान आहेत. जय भीम." इतकं छोटं भाषण विहारात कधी झालं नव्हतं, त्यामुळे ते फारच गाजलं.

खाली उतरल्यावर त्यांनी शैलाताईंना हळूच विचारलं की गाडी किती वाजता सुटते. कुठली गाडी, म्हणून त्यांनी विचारलं, तर म्हणाले, भंडाऱ्याची. शैलाताईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. तेही त्यांनी थकव्यावर ढकललं असतं, भन्तेजी जवळ आले नसते तर. भन्तेजी वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी साहेबांच्या डोळ्यांत थोडा वेळ पाहिलं आणि शैलाताईंना बाजूला घेतलं.

"ताई, शांत झालेला माणूस जागा असतो," ते म्हणाले. "हे जागे नाहीत. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

गाडी खुरानांनी काढली. शैलाताईंनी फोन केला तेव्हा त्यांनी कारणही विचारलं नाही.

इस्पितळात डॉक्टर निधींनी साहेबांना वार विचारला. ते म्हणाले, आपको जो ठीक लगे. शहर विचारलं तर भंडारा. दोन्ही हात पुढे करून पंजे उंच धरायला लावले, तर पंजे पुन्हा फडफडले. मग बाईंनी शैलाताईंना समजावून सांगितलं. लिव्हर रक्तातला कचरा साफ करत नाही, पोटात तयार झालेलं विष मेंदूवर चढतं, आणि माणूस आधी झोप उलटी करतो, मग स्वभाव बदलतो, मग बेशुद्ध होतो. ते गोड सिरप जुलाबासाठी नव्हतं, ते विष बाहेर काढण्यासाठी होतं. आणि डाळ, अंडी बंद करायला कुणी सांगितलं? हातापायांतलं मांस झडलं तर मेंदूला त्रास वाढतो. रोज डाळ, दही, पनीर द्यायचं, झोपण्याआधी काहीतरी खायला द्यायचं, आणि झोपेची गोळी तर घरातसुद्धा आणायची नाही. आणखी उशीर झाला असता तर पेशंट हाती लागला नसता, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

शैलाताईंनी सगळं नीट ऐकलं. मग त्यांनी विचारलं की हे गेले काही दिवस जे बोलत होते, ते काय होतं?

"बीमारी थी आंटी," डॉक्टर म्हणाल्या. "इसमें पेशंट कुछ भी बोलता है, आप सीरियसली मत लीजिए."

शैलाताई बाहेर येऊन बाकावर बसल्या आणि खूप रडल्या. मैत्री गुरुग्रामहून धावत आली होती. तिला वाटलं, आई बाबांच्या काळजीने रडते आहे. काळजी होतीच. पण आधी बाटली बोलली, आता विष बोललं, मग माझा नवरा माझ्याशी बोलणार तरी कधी, हे दुःख त्यांना मुलीला सांगता येईना. वर लाजही वाटत होती. चुकीच्या माणसांचं ऐकून सिरप आपण बंद केलं, आणि त्यातून आलेल्या गोडव्यावर आपण गजरा माळून बसलो.

सिरप, सलाईन, एनिमा असं सगळं झालं आणि एका सकाळी साहेबांनी समोरच्या ताटलीतला दलिया चमच्याने उकरला. "हे कुणी पास केलं?" त्यांनी विचारलं. शैलाताईंनी आनंदाने त्यांच्या पायांना हात लावायचं तेवढं बाकी ठेवलं.

घरी आल्यावर नवीन राज्य सुरू झालं. सिरप सकाळ-दुपार-संध्याकाळ, सोबत एक महागडी गोळी, पोटाचा रोजचा जमाखर्च. कमी झालं तर सिरप वाढवायचं, फार झालं तर कमी करायचं. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना जाब विचारला, त्याला आता बाथरूममधून बाहेर येताच बायको जाब विचारू लागली. गाडी चालवायला बंदी. आठवड्यातून एकदा दारू सोडलेल्यांच्या बैठकीला जायचं. तिथून आल्यावर साहेब म्हणायचे, माणसं प्रामाणिक आहेत पण सभा कशी चालवावी याचं कुणाला ज्ञान नाही. पण बैठक ते चुकवत नसत. एकदा परत येताना ते दारूच्या ठेक्यासमोर जरा जास्तच वेळ थांबले, हे शैलाताईंनी बाल्कनीतून पाहिलं. मग ते वळले आणि वर येऊन ठेक्याच्या पाटीवरचे रंग भडक आहेत म्हणाले. शैलाताईंनी त्यांच्यासमोर दह्याची वाटी ठेवली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की स्वभावात फरक पडला तर लगेच कळवा. घरात त्याचा अर्थ एकच निघाला. साहेब कुरकुरताहेत तोवर सगळं ठीक. ते गोड बोलले की मैत्रीला फोन करायचा आणि बॅग भरायची. या कामात खुरानांनी आपण होऊन उडी घेतली. ते रोज सकाळी चाक मुद्दाम रेषेवर ठेवायचे आणि खांबाला टेकून वाट पाहायचे. साहेब येऊन कडकडून भांडले की खुराना वर मान करून शैलाताईंना अंगठा दाखवायचे आणि मग गाडी सरळ करायचे. साहेबांना वाटायचं, आपल्या बोलण्याचा परिणाम होतो.

हिवाळ्यात ही व्यवस्था कामाला आली. पहाडगंजच्या मराठी शाळेत कसलासा कार्यक्रम होता. मेट्रोत मध्येच पळावं लागेल या धास्तीने साहेबांनी दोन दिवस सिरप बेसिनमध्ये ओतलं आणि घेतलं म्हणून सांगितलं. कार्यक्रमात ते व्यवस्थित बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी खुरानांनी रेष ओलांडली आणि साहेब म्हणाले, कोई बात नहीं भाई. खुराना एका पायात चप्पल घालून वर धावत आले. या खेपेला शैलाताईंनी गजरा शोधला नाही. सिरप, डॉक्टरांना फोन, दवाखाना, असं भराभर झालं आणि दोन रात्रींत साहेब कुरकुरत घरी परत आले.

त्या खेपेनंतर शैलाताईंनी ती आशा मनातून काढून टाकली. नवरा जिवंत आणि शुद्धीत हवा असेल तर तो खडूसच हवा, असा हिशेब त्यांनी स्वतःला समजावून सांगितला. आता त्यांना गोड शब्दाची भीतीच वाटायची. वरणाला साहेबांनी नावं ठेवली नाहीत तर त्या घास हातातच धरून त्यांच्याकडे बघत बसत.

फेब्रुवारीतली दुपार होती. ऊन बाल्कनीत आलं होतं आणि शैलाताई तिथे मटार सोलत होत्या. मेश्रामसाहेब समोर पेपर वाचत होते. पेपरवरची नजर न काढता ते म्हणाले, "शैला, मी आजारात असताना तू मला धुतलंस, पुसलंस, भरवलंस. तुझ्या जागी मी असतो तर मी एवढं केलं नसतं. कुणीतरी पगारी माणूस ठेवला असता."

शैलाताईंच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या.

"अहो, हात पुढे करा," त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"आधी हात."

साहेबांनी पेपर मांडीवर ठेवला, दोन्ही हात लांब केले आणि पंजे वर उचलले. शैलाताई बोटांकडे टक लावून पाहत राहिल्या. बोटं हलली नाहीत. मग त्यांनी वार विचारला, महिना विचारला, आपण कुठे आहोत ते विचारलं. साहेबांनी वार सांगितला, महिना सांगितला, द्वारका सांगितलं आणि सेक्टरचा नंबरही हवा का म्हणून विचारलं. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं तर ते दोनपर्यंत खाली उतरले. सकाळी पोट साफ झालं का, यावर मात्र ते चिडले.

"झालं. दोनदा. माणसाने आयुष्यात एक वाक्य बरं बोलायचं म्हटलं, तर त्याची अशी चौकशी बसवायची का?"

आणि त्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. पेपरच्या वर दिसणारे त्यांचे कान लाल झाले होते. इतक्या वर्षांत शैलाताईंनी त्यांना लाजताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते लाजताहेत हे कळायलाही त्यांना थोडा वेळ लागला.

ठरल्याप्रमाणे त्यांनी प्रश्न विचारता विचारताच मैत्रीचा नंबर लावला होता, तो आता लागला. पलीकडे ऑफिसचा गलका होता आणि मैत्रीचा आवाज घाबरलेला.

"आई, क्या हुआ? बाबा ठीक?"

"गोड बोलले," शैलाताई म्हणाल्या.

"अरे यार. मी निघते. तू सिरप दे, मी खुराना अंकलला फोन करते, गाडी काढायला सांगते."

"नको गं," शैलाताई म्हणाल्या, "शुद्धीत बोलले." आणि फोन कानाशी तसाच धरून त्या खाली पडलेल्या शेंगा वेचू लागल्या.